वयस्कर दात्याचं यकृत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यकृत प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. माझा दिवस दोन दारांमध्ये जातो. एक दार आयसीयूचं. तिथे मेंदूमृत झालेल्या, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेल्या माणसाचे नातेवाईक उभे असतात आणि म्हणतात, "ताई, आमच्या आईचं वय चौऱ्याहत्तर. तिचं काय घेणार?" दुसरं दार ओपीडीचं. तिथे यकृताची वाट पाहणारं कुटुंब विचारतं, "मॅडम, म्हाताऱ्या माणसाचं लिव्हर लावणार का आमच्या पेशंटला?" दोन्हीकडे अडतं ते एकाच आकड्याशी. हा आकडा जेवढा घाबरवतो तेवढं सांगत नाही. खालचे प्रश्न मला या दोन दारांशीच विचारले गेले आहेत.

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं यकृत खरंच दुसऱ्याला चालतं का?

चालतं. स्पेनमध्ये मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त दाते साठीच्या पुढचे असतात. इटलीत, विशेषतः पिसाच्या केंद्रात, ऐंशी ओलांडलेल्या दात्यांची यकृतं अनेक वर्षांपासून वापरली जात आहेत. अगदी टोकाची उदाहरणं हवी असतील तर तीही आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात ९५ वर्षांच्या एका माजी सैनिकाचं यकृत घेतलं गेलं. २०२२ मध्ये इटलीत, फ्लॉरेन्सला, शंभरी पार केलेल्या एका आजींचं. २०२४ मध्ये मिसुरीतल्या ९८ वर्षांच्या एका माजी सैनिकाचं यकृत ७२ वर्षांच्या बाईंना बसवलं गेलं.

आपल्याकडेही सत्तरी ओलांडलेल्या दात्यांचं यकृत स्वीकारलं गेलं आहे. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था, म्हणजे नोट्टो, लोकांसाठी जी माहिती देते तिच्यात ढोबळ वयं दिलेली आहेत: हृदय आणि फुफ्फुसं पन्नाशीपर्यंत, मूत्रपिंडं आणि यकृत सत्तरीपर्यंत, बुबुळ आणि त्वचा शंभरीपर्यंत. यातला "ढोबळ" हा शब्द लक्षात ठेवा. एकाहत्तराव्या वाढदिवसाला यकृत बाद होत नाही.

बाकी शरीर थकतं, मग यकृतच कसं टिकतं?

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या जन्मताना जेवढ्या असतात तेवढ्याच. त्यातली एक गेली की गेली. हृदयाच्या स्नायूपेशी मोठेपणी जवळजवळ नव्याने तयार होतच नाहीत. यकृताचं तसं नाही. ते सतत स्वतःच्या पेशी बदलत राहतं.

हे किती वेगाने होतं ते जर्मनीत ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये फार सुंदर पद्धतीने दाखवलं. १९५०–६० च्या दशकांत उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, तेव्हा हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला. चाचण्या थांबल्यावर तो वर्षागणिक कमी होत गेला. आपण जे खातो त्यातून तो पेशींच्या डीएनएत उतरतो. म्हणजे पेशी कधी जन्मली त्याचा शिक्काच तिच्यावर बसतो. तो शिक्का वाचल्यावर असं निघालं की माणूस विशीचा असो की ऐंशीचा, त्याच्या यकृतपेशींचं सरासरी वय तीन वर्षांच्या थोडं आतच असतं. गुणसूत्रांचे जादा संच असलेल्या काही पेशी दहाएक वर्षं टिकतात, बाकीच्या लवकर बदलतात.

दुसरं कारण रक्तपुरवठ्याचं. यकृताला दोन वाटांनी रक्त मिळतं: एक धमनी, आणि दुसरी आतड्यांकडून येणारी मोठी शीर, जिला पोर्टल व्हेन म्हणतात. बहुतेक रक्त या शिरेतून येतं, आणि धमन्यांसारखा चरबी-चुन्याचा थर शिरेत सहसा साचत नाही. तिसरं कारण म्हणजे यकृताकडे शिल्लक भरपूर असते. रोजचं काम भागवायला ते सगळं लागत नाही. म्हणून तर जिवंत माणूस त्यातला मोठा भाग देऊ शकतो.

म्हणजे वयाने काहीच फरक पडत नाही?

पडतो. तो झाकून कुणाची संमती मिळवणं मला मान्य नाही.

जुन्या वाड्याची कौलं दर पावसाळ्याआधी शाकारली, तरी भिंतीतले नळ जुनेच असतात. यकृताचंही तसंच आहे. पेशी नव्या असल्या तरी धमनी सत्तर वर्षांची असते. ती कडक झालेली असेल तर जोडताना त्रास देते, आणि नंतर तिच्यात गुठळी होण्याची भीती असते. पित्तनलिकांना रक्त याच धमनीतून मिळतं, त्यामुळे पुढे काही महिन्यांनी नलिका आकसण्याचा, पुन्हा कावीळ होण्याचा धोका वाढतो. वयाबरोबर यकृत आकाराने लहान होतं, त्यातून वाहणारं रक्त कमी होतं, रंग गडद तपकिरी होत जातो. बर्फात ठेवणं आणि पुन्हा गरम रक्त सुरू होणं हा धक्का तरुण यकृत जसा पचवतं तसा वयस्कर यकृत पचवत नाही.

आकड्यांत सांगायचं तर, २००६ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २० हजार प्रत्यारोपणांच्या नोंदी तपासून दात्याच्या जोखमीचा निर्देशांक काढला गेला. चाळिशीच्या आतल्या दात्याशी तुलना केली तर साठ ते सत्तर या वयातल्या दात्याचं यकृत निकामी होण्याचा धोका साधारण दीडपट आणि सत्तरीपुढच्या दात्याचा १.६५ पट निघाला. "पट" ऐकून लोक घाबरतात. समजा तरुण दात्यांच्या शंभर यकृतांपैकी दहा काही काळात निकामी होत असतील, तर इथे सोळा-सतरा होतील. बाकीची चालतील.

शिवाय तो आकडा जुन्या काळातला आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सत्तरीपुढच्या दात्यांच्या चार हजारांहून अधिक यकृतांचा हिशेब मांडला. २००३ ते २००९ या काळाशी तुलना करता २०१० ते २०१६ मध्ये यकृत निकामी होण्याचा धोका ४० टक्क्यांनी कमी झाला होता. निवड सुधारली, घाई कुठे करायची ते कळलं, आयसीयू सुधारले. वाईट वाटतं ते पुढचं वाचून: याच वर्षांत तिथल्या प्रत्यारोपणांतलं अशा यकृतांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आलं. निकाल सुधारत होते आणि वापर घटत होता.

यकृत चांगलं आहे हे डॉक्टर कसं ठरवतात?

आधी कागद. दारू किती आणि किती वर्षं, मधुमेह, वजन, कॅन्सर झाला होता का, हिपॅटायटिस बी-सी, रक्तातलं सोडियम, रक्तदाब टिकवायला किती औषध लागतंय, व्हेंटिलेटरवर किती दिवस. मग सोनोग्राफी, जमल्यास सीटी स्कॅन. पण निर्णय होतो तो ऑपरेशन टेबलावर.

सर्जन पोट उघडतात आणि आधी नुसतं बघतात. निरोगी यकृताची कड पातळ, धारदार असते. चरबी भरलेल्याची गोल, फुगीर. रंग तांबूस-तपकिरी हवा, पिवळट नको. बोटाने दाबून सोडलं तर पृष्ठभाग लगेच वर यायला हवा. डावा भाग हलकेच दुमडून बघतात, तो सहज वळला पाहिजे. धमनी दोन बोटांत धरून चाचपतात. आत चुना साचला असेल तर ती बोटांना कडक लागते. मग थंड द्रावण आत सोडतात तेव्हा सगळं यकृत एकसारखं फिकं पडलं पाहिजे. मध्येच गडद डाग राहिले तर रक्तवाहिन्या नीट धुतल्या गेलेल्या नाहीत.

हे चालू असताना मी फोनच्या या टोकाला असते. पलीकडून शब्द येतात: "सॉफ्ट आहे. कडा शार्प. फॅट दिसत नाही. आर्टरी बरी आहे. बायोप्सी पाठवतोय." या पाच वाक्यांसाठी इकडे एक कुटुंब रात्रभर जागं असतं. त्या पाच वाक्यांत वय कुठेच नसतं.

शंका असेल तर छोटा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. वयस्कर दात्याच्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी ते करतातच.

तरुण दात्याचं यकृत केव्हाही चांगलं, नाही का?

नाही. वयापेक्षा चरबी जास्त घात करते. यकृतपेशींत मोठ्या थेंबांची चरबी ३० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नसते. ३० ते ६० मध्ये विचार करून, योग्य रुग्ण बघून घेतात. ६० च्या वर सहसा घेत नाहीत. आज आपल्याकडे पस्तिशीतला, बैठं काम करणारा, पोट सुटलेला माणूस आणि आयुष्यभर शेतात राबलेली, काटक, पंचाहत्तरीची बाई यांची यकृतं शेजारी ठेवली तर बाईंचं उजवं ठरण्याची शक्यता खूप आहे. आमच्या विभागातल्या नव्या डॉक्टरांनाही हे एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

वयस्कर दात्याच्या यकृतासाठी एवढी धावपळ का करतात?

बर्फात यकृत साधारण बारा तास तग धरतं. वयस्कर दात्याचं असेल तर आम्ही आठ तासांच्या आत, शक्य तर त्याहून आधी, रक्त सुरू व्हावं म्हणून धडपडतो. म्हणून तिकडे यकृत काढायला घेतात तेव्हाच इकडे रुग्णाला ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलेलं असतं. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर. पोलीस ग्रीन कॉरिडॉर करून देतात, म्हणजे अॅम्ब्युलन्ससाठी रस्ता मोकळा ठेवतात, तेव्हा एरवी वाहतुकीत अडकणारा वेळ वाचतो. रस्त्यात अॅम्ब्युलन्स दिसली आणि हवालदाराने तुम्हाला थांबवलं, तर तेवढी दोन मिनिटं द्या. त्या डब्यात आत सत्तरीतल्या कुणाचं यकृत असेल तर ती दोन मिनिटं आणखीच मोलाची.

असं यकृत कोणत्या रुग्णाला देतात?

प्रतीक्षायादीत रुग्ण किती आजारी आहे ते मेल्ड स्कोअरने मोजतात. बिलिरुबिन (काविळीची तपासणी), आयएनआर (रक्त गोठण्याची) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची) यांवरून तो काढतात, ६ ते ४० असा; जितका जास्त तितका रुग्ण जास्त आजारी. वयस्कर यकृत आणि फार खालावलेला रुग्ण ही जोडी जड जाते, कारण दोघांनाही पहिल्या आठवड्यात सावरायला वेळ हवा असतो. एक सोपा गुणाकार सर्जन मनात करतात: दात्याचं वय गुणिले रुग्णाचा मेल्ड. २००९ मध्ये सुचवलेल्या या हिशेबात १६०० च्या वर गेलं की सावध. ७२ वर्षांचा दाता आणि २० मेल्डचा रुग्ण म्हणजे १४४०, चालेल. तोच दाता आणि ३५ मेल्ड म्हणजे २५२०, इथे दहादा विचार. हा नियम नाही, नुसता इशारा आहे.

यकृताचा कॅन्सर असलेल्या रुग्णाची गंमत वेगळी. त्याचा मेल्ड बरेचदा कमी असतो, प्रकृती तशी धडधाकट असते, पण थांबलं तर गाठ वाढते. त्याला असं यकृत बहुधा मानवतं. ज्याचं आधी एकदा प्रत्यारोपण झालं आहे, किंवा ज्याच्या पोर्टल शिरेत गुठळी आहे, त्याला शक्यतो देत नाहीत. आकारही जुळावा लागतो.

हिपॅटायटिस सी असेल तर वयस्कर दाता नको, असं ऐकलं होतं.

ते एका काळी बरोबर होतं. नव्या यकृतात विषाणू परत यायचा आणि वयस्कर दात्याच्या यकृतात तर काही वर्षांत सिरोसिस करायचा, म्हणजे यकृत निबर करून टाकायचा. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हे या विषाणूवरचं औषध अमेरिकेत मान्य झालं, पुढे भारतात त्याची स्वस्त जेनेरिक आली, आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी बहुतेकांचा विषाणू पुरता जातो. तो अडसर संपला.

आम्हाला ७१ वर्षांच्या दात्याचं यकृत देऊ केलंय. नाही म्हणावं का?

हा प्रश्न मध्यरात्री येतो. फोन लागतो, अर्ध्या तासात उत्तर हवं असतं, घरात चार मतं असतात. म्हणून मी सगळ्या कुटुंबांना सांगते, हा विचार नाव नोंदवतानाच करून ठेवा.

तुलना कशाशी करायची ते आधी ठरवा. लोक ७१ च्या यकृताची तुलना मनातल्या २५ च्या यकृताशी करतात. ते २५ चं यकृत समोर नाही. समोर आहे ते थांबणं. थांबण्याची किंमत मेल्डवरून कळते: प्रतीक्षायादीवरच्या रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण मेल्ड १० ते १९ ला सुमारे ६ टक्के, २० ते २९ ला जवळपास २० टक्के, ३० ते ३९ ला ५० टक्क्यांच्या वर, आणि ४० ला ७० टक्क्यांच्या वर होतं. त्याला जोडून आपल्याकडची टंचाई बघा. २०२३ मध्ये देशभरात सगळ्या अवयवांची मिळून १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणं झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे दाते फक्त १,०९९. दहा लाख लोकसंख्येमागे एकही पुरा नाही; स्पेनमध्ये जवळपास पन्नास.

माझं मत विचाराल तर, सर्जनने यकृत पाहून "मी घेतो" म्हटलं असेल आणि मेल्ड विशीच्या पुढे असेल, तर नुसत्या वयापोटी नाही म्हणू नका. प्रश्न मात्र विचारा, तो तुमचा हक्क आहे. बायोप्सीत चरबी किती? बर्फात किती तास राहील? धमनी कशी आहे? हे आमच्याच पेशंटला का योग्य वाटतं? या चार प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली की मग दात्याचं वय किती हा पाचवा प्रश्न उरतो.

आईला ब्रेन हॅमरेज झालं, ती मेंदूमृत आहे. वय ७६, बीपी आणि शुगर दोन्ही. आम्ही विचारायचं तरी का?

विचारा. एवढंच माझं सांगणं आहे. वय झालेले बहुतेक दाते याच वाटेने येतात: रक्तदाब, मेंदूतला रक्तस्राव, व्हेंटिलेटर. मधुमेह किंवा बीपी असलं म्हणजे यकृत बाद असं नाही. अंगभर पसरलेला कॅन्सर किंवा आटोक्यात न आलेला गंभीर जंतुसंसर्ग असेल तर सहसा नाही म्हणतात.

मेंदूमृत्यू हा कोमा नव्हे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ निदान करतं, प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यात नसतात. व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून श्वास आपणहून येतो का ते बघण्याची चाचणी त्यात असते. सगळ्या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. संमती दिल्यानंतर दात्याची देखभाल आणि अवयव काढणं यांचा खर्च कुटुंबावर पडत नाही, तसा नियमच आहे. शरीर नीट शिवून देतात. अंत्यदर्शनाला, साडी नेसवायला, विधी करायला काही अडत नाही.

मला आठवतं, एका आजींचे तिघं मुलगे जिन्याशी उभे होते. थोरले म्हणाले, "आईचं आता काय राहिलंय, उगाच तुम्हाला त्रास." मी म्हटलं, त्रास होतोय की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या, तुम्ही फक्त आईला आवडलं असतं का ते सांगा. धाकटे एकदम म्हणाले, "तिने कुणाला कधी उपाशी जाऊ दिलं नाही." त्यांनी सह्या केल्या. आजी सत्त्याहत्तरच्या होत्या. यकृत मऊ निघालं, धारदार कडेचं, आणि त्याच रात्री बसलं.

दुसरी बाजूही सांगते. कधी पोट उघडल्यावर सर्जन मान हलवतात आणि यकृत घेता येत नाही. मग कुटुंबाला ते सांगायचं काम माझं असतं आणि ते फार जड जातं. तेव्हाही बुबुळं आणि त्वचा देता येते, हे मी त्याच वेळी सांगते.

मृत्यू घरी झाला तर?

यकृत देता येत नाही. रक्तप्रवाह थांबला की काही मिनिटांत ते खराब होऊ लागतं. नेत्रदान मात्र सहा तासांच्या आत करता येतं. डोळ्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा आणि नेत्रपेढीला फोन करा.

माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. ते जिवंतपणी त्यांच्या यकृताचा भाग मला द्यायला तयार आहेत.

इथे माझी भाषा बदलते, आणि बदललीच पाहिजे. वरची सगळी चर्चा मृत्यूनंतरच्या दानाची होती. जिवंत दात्याला आपल्याला घरी परत पाठवायचं असतं.

भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्यांकडूनच होतात. मोठ्या माणसाला सहसा उजवा भाग देतात, म्हणजे साधारण ६० ते ६५ टक्के यकृत. दात्याकडे किमान ३० ते ३५ टक्के उरायला हवं, आणि तेवढ्यावर त्याने दोन-तीन महिने वाढवत न्यायचं असतं. तरुण शरीर हे सहज करतं. वय वाढतं तशी ही वाढ मंदावते, शिवाय हृदय, फुफ्फुसं, मधुमेह यांची भर पडते. उजवा भाग देताना दात्याच्या मृत्यूचा धोका दर दोनशे ते पाचशे दात्यांमागे एक असा सांगितला जातो. हा धोका लहान आहे, पण पूर्ण निरोगी माणसावर आपण तो घेत असतो. म्हणून बहुतेक केंद्रं पन्नास-पंचावन्नच्या पुढे थांबतात. काही ठिकाणी फार पारखून त्यापुढच्यांचा विचार होतो, बरेचदा लहान मुलासाठी डावा छोटा भाग द्यायचा असेल तेव्हा. कायद्याने आजी-आजोबाही जवळचे नातेवाईक धरले आहेत, पण कायदा परवानगी देतो म्हणजे शरीर देतं असं नाही.

वडील हट्ट धरतात. "माझं झालं जगून," असं म्हणतात. हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येतं. तरी त्यांना दाता म्हणून नाकारलं गेलं तर ते मनाला लावून घेऊ नका. त्यांना वेगळं बसवून समजावणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. घरात दुसरा दाता आहे पण रक्तगट जुळत नाही, तर दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल कायद्याने करता येते, तेही विचारा.

वयस्कर यकृत मशीनवर तपासतात म्हणे?

बर्फाच्या डब्याऐवजी यकृत यंत्राला जोडतात आणि त्यातून प्राणवायूयुक्त द्रावण किंवा रक्त फिरवतात. शरीराच्या तापमानाला चालणाऱ्या यंत्रात यकृत पित्त तयार करतं, आम्ल साफ करतं. म्हणजे बसवण्याआधीच ते काम करताना दिसतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत, बर्फातल्या यकृतांच्या तुलनेत, यंत्रावर ठेवलेली यकृतं नाकारली जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. थंड द्रावणातून प्राणवायू देण्याची दुसरी पद्धत आहे. हृदय थांबून मृत्यू आलेल्या दात्यांच्या यकृतांवर केलेल्या २०२१ च्या चाचणीत तिने पित्तनलिका आकसण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं. वयस्कर यकृताला जिथे दुखतं नेमक्या तिथलाच हा उपाय आहे. आपल्याकडे हे मोजक्या केंद्रांत आहे आणि खर्चिक आहे. मला विचाराल तर सरकारी मदतीचा पहिला पैसा इथे लागावा.

यकृत सत्तरीचं आहे, तर ते मला किती वर्षं पुरेल? मी ४५ चा आहे.

अमेरिकेच्या १९९० ते २०२२ च्या नोंदींत अडीच लाखांहून जास्त यकृतांमधून २५ यकृतं अशी सापडली की दात्यातलं वय आणि रुग्णातली वर्षं मिळून त्यांनी शंभरी गाठली. त्यांच्या दात्यांचं सरासरी वय ८४.७ होतं, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात ती पंधराएक वर्षं चालत होती. ही निवडक यकृतं आहेत, सगळ्यांना तेवढी वर्षं मिळतील असं त्यावरून म्हणू नये. पण यकृताला ठरलेली मुदत नसते हे कळतं. तुमच्या हातात जे आहे ते म्हणजे गोळ्या वेळेवर, रक्ततपासण्या न चुकता, वजन आटोक्यात आणि दारू अजिबात नाही. यकृत वयस्कर आहे म्हणून रुग्णाचं वय वाढत नाही, केस लवकर पांढरे होत नाहीत. हेही मला विचारलं गेलंय.

रुग्णाचंच वय ६८ असेल तर यादीत नाव लागतं का?

लागतं. मृत्यूनंतरच्या दात्याचा अवयव मिळण्यासाठी नोंदणीला असलेली ६५ वर्षांची अट २०२३ मध्ये काढून टाकली. प्रकृतीच्या तपासण्या मात्र होतातच.

माझं वय ७८. अवयवदानाचा अर्ज भरून काय उपयोग?

भरा. अर्जाला वरची वयोमर्यादा नाही. नोट्टोच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक वापरून भरता येतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात राज्याचं केंद्र आहे; तिथेही मदत मिळते. पण अर्जापेक्षा मोठं काम घरात आहे. वेळ आली की सही तुमची लागत नाही, तुमच्या मुलांची, नवऱ्याची किंवा बायकोची लागते. कार्ड पाकिटात राहून जातं आणि पाकीट कपाटात. म्हणून जेवायला सगळे बसलेले असताना एकदा स्पष्ट बोला, आणि "माझं वय झालंय म्हणून तुम्ही नाही म्हणू नका" हेही त्यात सांगा. विम्याची कागदपत्रं ज्या फाइलीत ठेवता त्याच फाइलीत कार्डाची प्रत लावा, आणि फाइल कुठे आहे ते दोघांना तरी माहीत असू द्या.